समोर कोण हाय?

कुणी बोट रोखलं की मेजर ते बोट आपल्या मुठीत धरायचे आणि हलकेच खाली वळवायचे. "बोट खाली," एवढंच म्हणायचे. आवाज कधी चढायचा नाही. मग ते बोट मैदानात 'ठो ठो' करत पळणाऱ्या पाचवीतल्या पोरीचं असो, नाहीतर स्टाफरूममध्ये तावातावाने बोलणाऱ्या एखाद्या सरांचं. एकदा तपासणीला आलेल्या विस्तार अधिकाऱ्यांनी फळ्याकडे बोट करून काहीतरी विचारलं, तेव्हाही मेजरांचा हात सवयीने पुढे झालेला मी पाहिला. अर्ध्यावरून त्यांनी तो मागे घेतला आणि साहेबांच्या बशीवरची माशी हाकलल्यासारखं केलं. आम्ही सगळे मान खाली घालून हसलो.

मेजर म्हणजे खरे मेजर नव्हेत. आमच्या नगर जिल्ह्यात फौजेतून परतलेल्या प्रत्येकाला मेजरच म्हणतात, तिकडे तो स्वयंपाकी असला तरी. हे पायदळात भरती झाले, सतरा वर्षांनी नाईक होऊन गावी आले आणि मिरजगावच्या पुढे, हमरस्त्यापासून तीनेक मैल आत असलेल्या आमच्या हायस्कुलात शिपाई म्हणून लागले. "तिकडं बी शिपाई, हिकडं बी शिपाई. फकस्त हितं घंटा जास्तीची हाय," असं ते म्हणायचे.

ही नव्वदीच्या दशकाच्या मधली गोष्ट. मी चोवीस वर्षांचा, नगरहून आलेला, मराठी शिकवणारा मास्तर. नेमणूक तात्पुरती होती. शिक्षणाधिकाऱ्यांची मान्यता आली की कायम होणार होतो आणि त्या मान्यतेची फाइल संस्थेच्या अध्यक्षांच्या हातात होती. अध्यक्ष मेजरांपेक्षा दहा वर्षांनी लहान होते आणि त्यांना 'अरे मेजर' म्हणायचे. मेजर गावाच्या कडेला बौद्धवाड्यात राहायचे, त्यामुळे त्या 'अरे'त गावातल्या कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. मला सुरुवातीला खटकलं. महिन्याभरात खटकायचं थांबलं. त्याचा मला आज राग येतो.

दिवाळीची सुट्टी संपली की मुलांच्या दप्तरांत टिकल्यांची पिस्तुलं यायची. मेजर फाटकातच ती गोळा करायचे आणि शाळेमागच्या पाण्याच्या पिंपात बुडवायचे. मी आलो त्या वर्षी एक बाप भांडायला आला.

"अवो मेजर, खेळनं हाय त्ये!"

"खेळनंच हाय," मेजर म्हणाले. "म्हनून पान्यात टाकलं. खरं असतं तर मीच पळालो असतो."

बाप हसत घरी गेला. मेजर हसले नव्हते.

मुलं त्यांना विचारायची, "मेजर, तुमी किती जन मारले?" ते म्हणायचे, "तवा मला मोजाया येत न्हवतं." आणि घंटेकडे चालायला लागायचे. गावात कुजबुज होती की फौजेत त्यांच्या हातून आपलाच कुणी माणूस गेला, म्हणून ते बंदुकीच्या नावाने असे बिथरतात. एकदा मधल्या सुट्टीत मी सरळ विचारलं.

"न्हाई सर," ते म्हणाले. "मपल्या हातनं काय बी झालं न्हाई. सतरा वर्सांत एक गोळी चुकीची सुटली न्हाई."

"मग?"

"मग काय? सतरा वर्सं रोज भ्यालो. हातात घेतली की भ्यायचो, ठिवली की भ्यायचो. म्हनून काय झालं न्हाई. जे भ्याले न्हाईत, त्यांच्यातल्या दोघांला मी खांद्यावर घालून आनलंय."

असं म्हणून ते उठले आणि पिण्याच्या पाण्याच्या रांगेत मोठ्या मुलांना मागे आणि लहानांना पुढे उभं करायला गेले. त्या उन्हाळ्यात आमच्याकडे टँकरचंच पाणी होतं.

त्या मार्चमध्ये आमची शाळा दहावीच्या बोर्डाचं केंद्र होती. आमच्याकडची त्या काळातली केंद्रं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना मी काय सांगणार? आत परीक्षा असायची आणि बाहेर जत्रा. कुंपणाच्या भिंतींवर माणसं, लिंबाच्या झाडांवर माणसं, कॉपीच्या चिठ्ठ्या दगडाला गुंडाळून खिडक्यांतून आत फेकल्या जात. बंदोबस्ताला एक पोलीस आणि एक होमगार्ड होता. दोघे सावली बघून बसले होते.

मेजरांनी हातात काठी घेतली नाही. एक वही आणि पेन्सिल घेतली आणि ते पश्चिमेच्या भिंतीखाली जाऊन उभे राहिले. वर बसलेले बहुतेक सगळे याच शाळेतून गेलेले. मेजर एकेकाकडे बघायचे, बापाच्या नावासकट त्याचं नाव मोठ्याने उच्चारायचे आणि वहीत लिहायचे. मग पुढच्याकडे वळायचे. ज्याचं नाव घेतलं तो धपकन पलीकडे उडी मारायचा. पाऊण तासात पश्चिमेची भिंत रिकामी झाली. मी व्हरांड्यातून ते बघत होतो. इतकं सोपं आणि इतकं धाडसाचं काम मी त्यानंतर फार थोडं पाहिलं आहे.

पूर्वेच्या भिंतीशी पोचायला त्यांना उशीर झाला. त्या बाजूच्या खोलीत गणिताचे सर पर्यवेक्षक होते. किरकोळ अंगाचे, पंचेचाळिशीचे, पाचवीच्या मुलालाही 'अहो' म्हणणारे गृहस्थ. पेपर इंग्रजीचा होता. खिडकीतून एक चिठ्ठी आली, तशी त्यांनी खिडकी लावून घेतली. पुढचा दगड काच फोडून आला. त्याला चिठ्ठी नव्हती. तो त्यांच्या उजव्या भुवईवर बसला. सात टाके पडले.

दगड मारणारा अध्यक्षांचा पुतण्या होता. त्याचा धाकटा भाऊ त्याच खोलीत पेपर लिहीत होता. मेजरांनी त्याला मारताना पाहिलं होतं. त्यांनी वहीतला कागद फाडून हेडसरांच्या टेबलावर ठेवला. अकरा नावं होती आणि पुतण्याच्या नावाखाली रेघ होती. हेडसरांनी कागदाची घडी घातली, खणात टाकली आणि खण लावून घेतला. संध्याकाळपर्यंत पोलिसांच्या कागदावर गणिताच्या सरांची सही झाली होती: शाळेच्या पायरीवरून घसरून पडलो. डोक्याची पट्टी अजून ओली होती.

दगडाचा राग मला त्या आठवड्यातच येऊन गेला. त्या पायरीचा राग अजून येतो.

जूनमध्ये शाळा उघडली आणि अध्यक्षांनी गणिताच्या सरांचा सत्कार ठेवला. कशाबद्दल, हे कुणी विचारलं नाही. पायरीवरून पडलेल्या माणसाचा सत्कार करायची पद्धत नाही, एवढं आम्हाला कळत होतं. शाल दिली, नारळ दिला. तबक धरून उभा होता तो पुतण्या.

मग अध्यक्षांनी भाषण केलं. शिक्षकांवर हल्ले होत आहेत, गुरुजन असुरक्षित आहेत, आता नुसत्या खडूवर भागणार नाही. आमदारसाहेब नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात एक अशासकीय विधेयक मांडणार आहेत. माध्यमिक शाळेतल्या प्रत्येक कर्मचाऱ्याला हत्याराचा परवाना, सरकारी खर्चाने नेमबाजीचं शिक्षण, आणि दर शाळेला एक बंदूक. त्यासाठी शाळाशाळांतून ठराव गेले पाहिजेत. पहिला ठराव आपला गेला पाहिजे.

टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. चोवीस वर्षांच्या मला ते भाषण आवडलं होतं. खोटं कशाला सांगू?

"आणि शिकवायला आपल्याला बाहेरचा माणूस आणायची गरज नाही," अध्यक्ष म्हणाले. "अरे मेजर, इकडं ये. सगळ्या सरांना तू शिकवायचं."

मेजर हॉलच्या दारात उभे होते. ते चार पावलं पुढे आले.

"काय शिकवू?"

"बंदूक धरायला शिकव. नेम धरायला शिकव."

"कुनावर?"

"कुणावर म्हणजे?"

"न्हाई, बंदूक शिकवायची म्हंजी पैला सवाल ह्योच असतोय," मेजर शांतपणे म्हणाले. "समोर कोन हाय? आमाला बी पैलं त्येच इचारायचे. तिकडं समोर दुश्मन हुता. हितं समोर कोन हाय? त्या दिशी भिताडावर कोन हुतं, त्ये आपल्याला ठाऊक हाय. मी नावं लिवून दिली हायेत. त्यांच्यावर गोळी झाडायची का सरांनी?"

पुतण्याच्या हातातलं तबक कलंडलं आणि हळदीकुंकवाची वाटी खाली पडली. मेजरांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"आन् आपली पोरं असत्यात समोर," ते पुढे म्हणाले. "वर्गात बंदूक आनली तर तिच्यासमोर दुसरं कोन असनार हाय? बाकं?"

"मेजर!" हेडसर ओरडले. "घंटा द्या!"

मेजरांनी घड्याळाकडे पाहिलं. तास संपायला अजून बारा मिनिटं होती. तरी ते गेले आणि त्यांनी घंटा दिली. सगळी शाळा बारा मिनिटं आधी सुटली आणि मुलांनी त्याचा फार आनंद केला.

ठराव एकमताने झाला. आम्ही नऊ शिक्षकांनी सह्या केल्या. शिक्षकेतरांच्या रकान्यातली मेजरांची जागा कोरी राहिली. लिपिकाने मेजरांना तीनदा बोलावलं. तीनही वेळा ते म्हणाले, "आलो, पानी भरून येतो."

ऑगस्टमध्ये निरोप आला की प्रस्तावाला जोडायला एक फोटो पाहिजे. हातात बंदूक घेतलेले शिक्षक, मागे शाळा दिसली पाहिजे. पेपरातही छापून येईल. पुतण्या जीपमधून अध्यक्षांची बाराबोअरची दुनळी बंदूक चादरीत गुंडाळून घेऊन आला. तालुक्याहून एक फोटोग्राफर आला, अध्यक्षही आले. बाहेर रिपरिप होती म्हणून फोटो स्टाफरूममध्येच घ्यायचं ठरलं. भिंतीवर शाळेच्या नावाची पाटी टेकवून ठेवली.

आमची स्टाफरूम म्हणजे एका मोठ्या खोलीचं अर्धं अंग. मध्ये पातळ पत्र्याचं पार्टिशन आणि पलीकडे सहावीचा वर्ग. तास माझाच होता. कविता मोठ्याने म्हणत बसा, असं मुलांना सांगून मी फोटोसाठी इकडे आलो होतो. अध्यक्ष म्हणाले होते की तरुण चेहरे पुढे पाहिजेत.

बंदूक गणिताच्या सरांच्या हातात दिली. जखमी गुरुजी म्हणून त्यांचाच मान पहिला. बंदूक त्यांना पेलत नव्हती आणि नळी कधी छताकडे, कधी खिडकीकडे, कधी आमच्याकडे फिरत होती. आम्ही हसत होतो. हो, आम्ही हसत होतो.

मेजर चहा घेऊन आत आले. दारातच थांबले.

"खोलून बघितली का?"

"मोकळी हाय," पुतण्या म्हणाला.

"तुला इचारलं न्हाई मी, मोकळी हाय का. खोलून बघितली का?"

"अरे मेजर, तू चहा दे," अध्यक्ष म्हणाले.

"सर, नळी वर करा," मेजर म्हणाले. आता त्यांचा आवाज मी कधी ऐकला नव्हता असा झाला होता. "बोट काढा. सर, बोट काढा तिथनं."

"बोट राहू द्या सर," फोटोग्राफर म्हणाला. "छान दिसतंय. जरा रागीट बघा. त्या बाजूला."

त्या बाजूला म्हणजे पार्टिशनकडे. पलीकडून चाळीसेक आवाज एका सुरात कविता म्हणत होते.

चहाचा ट्रे पडल्याचा आवाज आणि बंदुकीचा आवाज, यांतला आधी कुठला आला ते मला सांगता येणार नाही. मेजरांनी झेप घेऊन नळी तळहाताने वर उडवली होती. खोली धुराने भरली. गणिताचे सर खाली बसले होते आणि बंदूक मेजरांच्या हातात होती.

पलीकडची कविता थांबली.

मी धावत वर्गात गेलो. फळ्याच्या वरच्या बाजूला, पार्टिशनच्या पत्र्याला बारीक बारीक भोकं पडली होती. त्यांतून आमच्या खोलीतला उजेड येत होता. मोजली नाहीत, पण बरीच होती. बाकीचे छर्रे छतात गेले होते. मुलं बाकांखाली शिरली होती. पुढच्या बाकावरची एक मुलगी वर बघून म्हणाली, "सर, टायर फुटला का?"

"हो," मी म्हणालो. "टायर फुटला."

माझं पहिलं खोटं ते. त्यात फारसं वाईट काही नव्हतं. वाईट पुढचं होतं.

मेजर माझ्या मागोमाग आले. त्यांनी आधी बंदूक मधून वाकवून उघडली होती आणि दुसऱ्या नळीतलं जिवंत काडतूस काढून अध्यक्षांच्या तळहातावर ठेवलं होतं. "ह्ये दुसरं," एवढंच म्हणाले होते. आता ते सहावीच्या दारात उभे राहिले. त्यांच्या डाव्या तळहाताची कातडी भाजून लोंबत होती. त्यांनी मुलांना बाकांखालून बाहेर यायला सांगितलं, उभं केलं आणि उजव्या हाताने एकेकाच्या डोक्याला स्पर्श करत मोजायला सुरुवात केली. एकदा मोजून झालं. पुन्हा पहिल्यापासून मोजलं. मग माझ्याकडून हजेरीची वही मागून त्यातल्या आकड्याशी ताडून बघितलं.

"समदी हायेत," ते म्हणाले. मग खाली बसले. त्यानंतरच त्यांनी हाताला फडकं बांधू दिलं.

तुम्हाला वाटेल, यानंतर अध्यक्षांनी मेजरांचे पाय धरले असतील. निदान तोंड लपवून घरी तरी गेले असतील. मलाही त्या दिवशी तसंच वाटलं होतं. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता हेडसरांनी आम्हा नऊ जणांना बोलावलं आणि टेबलावर एक टाइप केलेला कागद ठेवला. शाळेचे शिपाई, माजी सैनिक, यांनी वरिष्ठांची परवानगी न घेता शाळेच्या आवारात बंदूक आणली व निष्काळजीपणाने हाताळली, त्यामुळे गोळी सुटली. सुदैवाने जीवितहानी झाली नाही. आम्ही खाली सह्या करणार हे सर्व समक्ष पाहिलेले साक्षीदार आहोत.

मी तो कागद दोनदा वाचला. मराठीचा शिक्षक असल्यामुळे माझ्या लक्षात आलं की एकही शब्द चुकलेला नाही, ऱ्हस्वदीर्घसुद्धा बरोबर आहे.

"असं कसं लिहिता येईल?" मी म्हणालो. हेडसरांनी कागद माझ्याकडे सरकवला. मग म्हणाले, "तुमची फाइल परवाच नगरला जायची आहे ना?"

गणिताच्या सरांनी आधी सही केली. ते रडत होते. रडत रडत केली, पण केली. मी सातवा होतो. माझी सही त्या काळी फार लफ्फेदार होती.

मेजरांना बोलावलं आणि दुसरा एक कागद पुढे केला. तो त्यांचा राजीनामा होता. नाहीतर पोलिसात केस होईल, असं हेडसरांनी सांगितलं.

"करा की केस," मेजर म्हणाले. "मी बी त्येच म्हनतो. पोलीस येऊ द्या. बंदुकीवर नंबर असतोय. नंबरावनं निघंल कुनाची हाय ती."

केस झाली नाही. बंदूक पुन्हा चादरीत गेली आणि मेजरांना निलंबनाचं पत्र मिळालं, तीन महिन्यांनी काढून टाकल्याचं. चौकशी समितीत अध्यक्षांचाच एक पाहुणा होता. बंदुकीला विरोध करणारा त्या शाळेत एकच माणूस होता आणि शाळेत बंदूक आणली म्हणून त्याच माणसाला घरी बसवलं. नऊ शिकलेल्या माणसांनी ते समक्ष पाहिलं. आम्ही सह्या केल्या नसत्या तर हा कागद उभा राहिला नसता. ठराव, अहवाल, साक्षी, सगळं आम्हीच लिहीत होतो. आम्हालाच लिहिता येत होतं.

फोटो काढला त्याच आठवड्यात तालुक्याच्या साप्ताहिकात तो छापून आला. गोळी सुटण्याच्या एक क्षण आधीचा. गणिताचे सर बंदूक रोखून उभे, बाजूला आम्ही दात काढून हसतोय. खाली लिहिलं होतं, 'गुरुजी सज्ज!' फोटोच्या उजव्या कडेला काहीतरी अस्पष्ट, पांढुरकं दिसत होतं. नीट बघितलं तर तो पुढे येणारा एक हात होता.

ते साप्ताहिक हेडसरांच्या टेबलावर पंधरा दिवस पडून होतं. ती बंदूक कुणी आणली हे त्या एका पानावरून कुणालाही विचारता आलं असतं. कुणी विचारलं नाही. पार्टिशनला पडलेल्या भोकांवर भारताचा नकाशा लावला.

मेजर माझ्या खोलीवर एकदाच आले. एका रविवारी सकाळी, इस्त्रीचा शर्ट घालून. हाताची जखम भरली होती, पण बोटं पुरती मिटत नव्हती. त्यांनी शाळा न्यायाधिकरणात अपील केलं होतं.

"सर, वकील म्हनतोय, येक जरी मास्तर खरं बोलला तरी बास हाय," ते म्हणाले. "तुमी याल का साक्षीला?"

मी त्यांना बसा म्हणालो. चहा ठेवला. स्टोव्हला पंप मारत बसलो, पाठ त्यांच्याकडे करून.

"मेजर, माझी मान्यता अजून आली नाही," मी म्हणालो. "ती एकदा येऊ द्या."

"बरं," ते म्हणाले. "येऊ द्या."

चहा पिऊन त्यांनी कप विसळून ठेवला आणि गेले. पुन्हा कधी आले नाहीत, कधी निरोप धाडला नाही, रस्त्यात भेटले तेव्हा विषय काढला नाही. "सर, बरं हाय का?" म्हणायचे. मान्यता जानेवारीत आली. अपील फेब्रुवारीत फेटाळलं गेलं.

आणि ते विधेयक? डिसेंबरभर मी गावच्या वाचनालयात जाऊन अधिवेशनाच्या बातम्या वाचत होतो. पानंच्या पानं शोधली. एक ओळ सापडली नाही. पुढच्या वर्षी संस्थेच्या एका बैठकीनंतर मी अध्यक्षांना विचारलं, "त्या विधेयकाचं काय झालं?"

"कसलं विधेयक?"

"शिक्षकांना बंदुका द्यायचं."

ते क्षणभर आठवत राहिले. मग हसले. "अहो हां! ते राहिलंच."

राहिलंच. दुधाचा रतीब सांगायचा राहिला, असं म्हणावं तसं. त्या शब्दासाठी मी त्यांना कधी माफ केलं नाही. अर्थात त्यांनी माझी माफी मागितली नव्हती आणि मागायला हवी होती ती माझी नव्हेच. मी त्यांच्यासमोर उभा राहून काय केलं? मीही हसलो. मग संस्थेच्या दुसऱ्या शाळेत माझी बदली झाली, लग्न झालं, आणि मी कायम मास्तर झालो.

दशक संपत आलं तेव्हा एकदा उठलो आणि एस.टी.ने त्या गावी गेलो. काय बोलायचं ते बसमध्ये मनाशी पाठ केलं होतं, वक्तृत्वस्पर्धेतली मुलं करतात तसं. बौद्धवाड्यात त्यांचं घर विचारलं. दारात मेजरांच्या मंडळी गहू निवडत बसल्या होत्या. त्यांनी मला ओळखलं. पाणी दिलं, पण बसा म्हणाल्या नाहीत.

"त्ये रोपवाटिकेत असत्यात," त्या म्हणाल्या. "पिशव्या भरायला जात्यात रोजानं."

"फौजेतल्या माणसाला दुसरीकडे कुठे..."

"मिळत हुती की. तालुक्याला बंदूकवाल्या वॉचमनची जागा आल्ती चालून. खुर्चीवर बसायचं काम. दारातनंच न्हाई म्हनले. म्हनले, माती भरीन." त्यांनी सूप खाली ठेवलं. "तुमी बी हुता ना सर, त्या सह्यांत?"

"होतो," मी म्हणालो.

त्यांनी पुन्हा सूप उचललं. मी रोपवाटिकेकडे निघालो.

मेजर एका शेडनेटखाली जमिनीवर मांडी घालून बसले होते. काळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत माती आणि शेणखत भरायचं, अंगठ्याने दाबायचं, ओळीत ठेवायची, पुढची उचलायची. केस पार पांढरे झाले होते. मला पाहून त्यांचा चेहरा उजळला. हे मी खात्रीने सांगतो, कारण त्याने मला सगळ्यात जास्त त्रास झाला. "या सर, या," म्हणाले, हातानेच बसा अशी खूण केली आणि पुन्हा पिशवी उचलली. हजेरीवाला मुकादम बघत होता, त्यामुळे हात थांबवता येत नव्हते.

मी त्यांच्या उजव्या बाजूला उकिडवा बसलो. मान खाली घातली आणि बोलायला लागलो. हळू बोलत होतो, मुकादमाला ऐकू जाऊ नये म्हणून. मी त्यांना सांगितलं की तो कागद मी दोनदा वाचला होता आणि तरी सही केली. सांगितलं की त्या रविवारी चहा करताना मी मुद्दाम पाठ फिरवली होती. पार्टिशनपलीकडे माझाच वर्ग होता, त्यातलं एखादं मूल गेलं असतं तर मी जन्मभर काय तोंड दाखवलं असतं, आणि ज्याने ते होऊ दिलं नाही त्याच्याविरुद्ध मीच साक्षीदार झालो. मला क्षमा करा असं म्हणालो. एवढं सलग खरं मी आयुष्यात कधी बोललो नव्हतो. मेजरांची मान हलत होती. ते ऐकत आहेत, समजून घेत आहेत, असं मला वाटत होतं. डोळे भरून आले होते, आणि खरं सांगायचं तर बरंही वाटत होतं.

बोलून झालं. 

ओळीतली शेवटची पिशवी ठेवून मेजर सावकाश वळले. माझ्या तोंडाकडे बघत राहिले.

"सर, काय बोलत हुता का?" त्यांनी विचारलं. उजव्या कानावर मातीचा हात ठेवला. "ह्या कानाला काय न्हाई राहिलं. त्या दिवसापसनं. समदे डाव्या अंगालाच बसत्यात. हिकडं या, हिकडं बसा. काय म्हनत हुता?"

मला हे माहीत नव्हतं. हाताची जखम सगळ्यांना दिसली होती, ती अहवालातही होती. कानाचं त्यांना कुणी विचारलं नव्हतं. मान हलत होती ती माती दाबण्याच्या ठेक्यात.

मी उठलो. त्यांच्या डाव्या बाजूला जाऊन बसलो. ते मान किंचित कलती करून, माझ्याकडे डावा कान करून वाट बघत होते. मला सगळं पाठ होतं. आत्ताच एकदा म्हणून झालं होतं.

"काही नाही, मेजर," मी म्हणालो. "ही रोपं कसली, ते विचारत होतो."

"व्हय, ही करंजाची," ते म्हणाले. "आन् ती पल्याडची चिंच. चिंच लई सावकाश वाढती बरं का सर, पन एकदा धरली की मग..." आणि ते मला रोपांबद्दल सांगत राहिले, अर्धा तास, मोठ्या आवाजात, कमी ऐकू येणारी माणसं बोलतात तसे. सगळं शेड ऐकत होतं.